दमदार आणि समतोल: अंगाने खेळणारा फुटबॉल संघ कसा घडवावा

सामना हातातून निसटू लागला की रेषेबाहेर उभा असलेला प्रशिक्षक हमखास एक आरोळी ठोकतो: ‘अंगावर जा!’ मुले ती मनापासून पाळतात आणि पुढच्या दहा मिनिटांत दोन फ्री किक, एक पिवळे कार्ड आणि कोणाचा तरी सुजलेला घोटा एवढेच संघाच्या पदरी पडते. यात दोष मुलांचा नसतो. पासिंगसाठी आपण आठवड्यातले तीन दिवस राखून ठेवतो, आणि अंगाच्या खेळाला मात्र सामन्याच्या दिवशीची एक आरोळी पुरेशी आहे असे समजतो. मराठीत या खेळाच्या दोन जातींना दोन वेगळे शब्द आहेत: एक धसमुसळा खेळ आणि दुसरा दमदार खेळ. धसमुसळा खेळाडू धक्का देतो आणि त्या धक्क्यात स्वतःचाही तोल घालवून बसतो. दमदार खेळाडू धक्का पचवतो, पायांवर उभा राहतो आणि चेंडू घेऊन निघतो. दोघांच्या ताकदीत फारसा फरक नसतो. फरक असतो तो तोलाचा. हाच तोल पुढे अकरा जणांच्या रचनेतही लागतो, आणि ज्या संघाकडे दोन्ही प्रकारचा तोल असतो तो आपल्याहून कुशल संघालाही जड जातो. तो कसा कमवावा, हे पुढे सांगितले आहे. किशोर आणि युवा संघांचे प्रशिक्षक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असले, तरी खुल्या गटातील संघांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

आधी नियम शिकवावा

अंगाचा खेळ शिकवण्याची सुरुवात मैदानावर नव्हे, तर नियमावलीच्या फाउलविषयीच्या बाराव्या नियमापासून करावी, कारण काय चालते आणि काय चालत नाही हे बहुतेक खेळाडूंना केवळ शिट्टी ऐकून ऐकून अंदाजाने कळलेले असते. चेंडू खेळण्याच्या अंतरात असेल, तर तो राखणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला खांद्याने भिडण्यास नियमाची मनाई नाही. मात्र भिडणारा खेळाडू निष्काळजी असेल तर थेट फ्री किक दिली जाते, समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता तो भिडला असेल तर पिवळे कार्ड दाखवले जाते आणि गरजेपेक्षा अधिक जोर लावून त्याने इजेचा प्रसंग आणला असेल तर थेट लाल कार्ड. चेंडू आणि प्रतिस्पर्धी यांच्या मध्ये आपले अंग घालून चेंडू राखणेही नियमात बसते. पण चेंडू खेळण्याच्या अंतरात हवा आणि हातांनी किंवा अंगाने समोरच्याला रोखून धरलेले नसावे. चेंडू पाच पावले पुढे निघून गेला असताना केवळ वाट अडवली, तर ते राखणे राहत नाही, तो अडथळा होतो.

हे फळ्यावर सांगून भागत नाही. सरावातल्या छोट्या सामन्यांत आळीपाळीने एकेका खेळाडूच्या हाती शिट्टी द्यावी आणि प्रत्येक शिट्टीचे कारण त्याला मोठ्याने सांगायला लावावे. पंधरा-सोळा वर्षांची मुले दोन आठवड्यांत नियम इतका नेमका सांगू लागतात की रेषेबाहेरच्या मोठ्यांनी शिकून घ्यावे. पंचाच्या जागी उभे राहिलेल्या मुलाला कोपर कुठे जाते, धक्का पाठीत बसला की खांद्यावर, चेंडू त्या क्षणी कुठे होता, हे सगळे दिसू लागते आणि ते त्याच्या स्वतःच्या खेळात आपोआप उतरते.

पवित्रा

कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावे वाचली तरी या खेळाचे कुस्तीशी असलेले नाते कळते: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. ज्या पेठांनी मल्ल पोसले त्यांनीच फुटबॉलही पोसला, आणि शाहू स्टेडियमवर आजही त्याच नावांचे संघ एकमेकांना भिडतात. वस्ताद नव्या पोराला डाव शिकवण्याआधी पवित्रा शिकवतो, तीच गोष्ट फुटबॉलच्या प्रशिक्षकानेही करावी. गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचांवर न ठेवता चवड्यांवर, दोन पाय एका रेषेत न ठेवता एक थोडा पुढे, कंबर खाली आणि नजर वर. मल्ल आणि फुटबॉलपटू यांच्या पवित्र्यात फरक एवढाच की मल्लाला पकडायला दोन हात असतात. फुटबॉलपटूला मात्र सगळी पकड पाय रोवण्याच्या जागेतून आणि कमरेच्या वळणातून निर्माण करावी लागते.

धावताना खांद्याने भिडायचे असेल, तर क्षण ओळखणे महत्त्वाचे ठरते. शेजारून धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे वजन आपल्यापासून दूरच्या पायावर असते, त्या क्षणी त्याला बाहेरच्या बाजूला दाब बसला, तर सावरण्यासाठी त्याला जवळचा पाय स्वतःच्याच पायावरून पलीकडे टाकावा लागतो आणि तेवढ्यात चेंडू सुटतो. त्याचे वजन जवळच्या पायावर असेल, तर दूरचा पाय मोकळा असतो. तो एक पाऊल बाहेर टाकून सहज सावरतो आणि आपला धक्का वाया जातो. भिडणाऱ्याने मात्र त्याच क्षणी आपला बाहेरचा पाय जमिनीत रोवलेला हवा, कारण जोर खांद्यातून निघत नाही, तो टाचेपासून वर चढतो. हे शब्दांत किचकट वाटते. पण दोघांना शेजारी शेजारी चालवून, मग हळू पळवून ‘आता’ म्हणत दाखवले की दहा मिनिटांत कळते.

ताकद कमवण्यासाठी जोर-बैठका उत्तम आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु बैठका दोन्ही पायांवर उभे राहून काढल्या जातात, आणि फुटबॉलमधले पळणे, वळणे, चेंडू मारणे, उडी घेणे हे जवळजवळ सगळे एका पायावर घडते. म्हणून बैठकांच्या जोडीला एका पायावरच्या अर्ध्या बैठका, पुढे आणि बाजूला लांब पाऊल टाकून बसणे, कोपरावर अंग तोलून कुशीवर ताठ राहणे आणि एका पायावर उभे राहून जोडीदाराचे हलके धक्के पचवणे हे व्यायाम द्यावेत. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी जोडीदाराने घोटे धरून ठेवावेत आणि खेळाडूने गुडघ्यांवर उभे राहून अंग ताठ ठेवत शक्य तितके सावकाश पुढे झुकत जावे. पहिल्या आठवड्यात पाचच वेळा पुरे, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुले जिना उतरू शकत नाहीत.

ज्यांना हे सगळे आयते हवे आहे त्यांनी ‘फिफा ११+’ हा सरावापूर्वीचा कार्यक्रम घ्यावा. तो तीन भागांत विभागलेला आहे, त्यात पंधरा व्यायाम आहेत, वीस मिनिटांत होतो आणि त्यासाठी चेंडू व जोडीदार यांखेरीज काही लागत नाही. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींच्या संघांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हा कार्यक्रम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. आठवड्यातून निदान दोनदा तो व्हायला हवा. सामन्याच्या आदल्या दिवशी आठवण आली म्हणून एकदा करून काहीही साधत नाही.

भिडण्याच्या पायऱ्या

अंगाचा स्पर्श हळूहळू वाढवत न्यावा. पहिल्या पायरीवर चेंडू नसतोच: दोन खेळाडू एका पायावर उभे राहतात, हात पाठीमागे बांधतात आणि केवळ खांद्याने एकमेकांचा तोल घालवण्याचा प्रयत्न करतात. आपल्याकडच्या लंगडीत आणि कोंबड्यांच्या झुंजीच्या खेळात मुलांनी हे केलेलेच असते, त्यामुळे हसतखेळत भीती जाते. दुसऱ्या पायरीवर चार मीटर बाजूच्या चौकोनात एकाने चेंडू राखायचा आणि दुसऱ्याने तो काढायचा. आठ ते दहा सेकंदांची एक फेरी आणि तिच्या तिप्पट विश्रांती. राखणाऱ्याने चेंडूकडे तोंड आणि प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून उभे न राहता तिरके उभे राहावे, चेंडू दूरच्या पायाखाली ठेवावा आणि जवळच्या हाताने प्रतिस्पर्धी कुठे आहे याचा नुसता अंदाज घ्यावा. त्या हाताने त्याला ढकलू नये. तिसऱ्या पायरीवर प्रशिक्षक दोघांच्या मधून चेंडू पुढे मारतो आणि दोघे दहा-बारा मीटर शर्यत लावून त्यावर जातात. ही पायरी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत धोक्याची असते, म्हणून जोड्या लावताना वय न पाहता वजन आणि बांधा पाहावा. चौदा वर्षांच्या दोन मुलांत पंधरा किलोंचा फरक असणे मुळीच दुर्मीळ नाही.

टॅकलच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढण्याच्या, बाबतीत मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: चेंडू काढण्याआधी समोरच्याचा वेग काढावा. शेवटची दोन-तीन पावले आखूड टाकत जावे, तिरके उभे राहावे, त्याला रेषेकडे किंवा त्याच्या कमकुवत पायाकडे वळवावे आणि चेंडू त्याच्या पायापासून सुटला की मगच पाय घालावा. घसरत जाऊन केलेला टॅकल हा शेवटचा उपाय आहे, कारण तो फसला की आपण जमिनीवर असतो आणि संघ दहा जणांचा होतो. आपल्याकडच्या बऱ्याच मैदानांवर गवतापेक्षा मुरूम अधिक असतो आणि तिथे घसरल्यास चेंडूपेक्षा मांडीची कातडी आधी जाते.

हेडरचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचा, सराव वयानुसारच द्यावा. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षे आणि त्याखालील मुलांना हेडर मारण्यास बंदी केली, तर इंग्लंडच्या संघटनेने २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर वगळला. लहान वयात उडी घेण्याची वेळ, हवेतल्या चेंडूचा अंदाज आणि दोन पायांवर सुरक्षित उतरणे एवढेच शिकवावे, तेही हाताने झेलून. मोठ्या मुलांना हेडर शिकवताना कपाळ, ताठ मान आणि उघडे डोळे या तीन गोष्टी पाहाव्यात. डोक्याला मार लागून खेळाडू क्षणभर जरी गोंधळला, तरी त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, मग सामना कितीही मोठा असो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, जर्नैल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले असताना प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवले, त्यांनी उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले आणि दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. ती कथा सांगताना माझाही ऊर भरून येतो. पण आज तिचे अनुकरण करणाऱ्या प्रशिक्षकाला मैदानाबाहेर काढले पाहिजे.

अकरा जणांचा तोल

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण येथवर सांगितलेले सगळे अंगी बाणवलेले अकरा जणही वाईट संघ ठरू शकतात. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका वर्षी माझ्या सोळा वर्षांखालील संघात चांगली उंच आणि भरल्या अंगाची मुले आली. त्यांपैकी चार मी बचावात लावली, दोन मधल्या फळीत, आणि आता आपल्याला कोण हलवतो या समाधानात राहिलो. स्पर्धेत आमच्या खांद्याएवढ्या मुलांच्या संघाने आम्हाला ३-० असे हरवले. हवेतला जवळजवळ प्रत्येक चेंडू आम्ही जिंकला होता, पण तो खाली पडला तेव्हा तिथे आमचा कोणीच नव्हता. आमच्या दोन फळ्यांत पंचवीस मीटरची मोकळी जागा होती आणि त्या जागेत ती छोटी मुले उन्हात कपडे वाळत घालावेत इतक्या निवांतपणे खेळत होती.

अंगाने खेळणाऱ्या संघाचे नमुनेदार उदाहरण म्हणून मी २०१३-१४ च्या हंगामातल्या अ‍ॅटलेटिको माद्रिदचे सामने पाहायला सांगतो. प्रशिक्षक दिएगो सिमेओनेच्या या संघाने स्पॅनिश लीगमध्ये ९० गुण मिळवून बार्सिलोना आणि रिआल माद्रिद या दोघांना तीन गुणांनी मागे टाकले; ३८ सामन्यांत त्यांच्यावर केवळ २६ गोल झाले. २००४ नंतर त्या दोन बलाढ्य संघांखेरीज कोणी ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांचे टॅकल जोरकस होते हे सगळ्यांना दिसते. ते टॅकल करणे त्यांना परवडत का होते, हे पाहण्यासारखे आहे. चार बचावपटू आणि चार मधले खेळाडू अशा दोन रांगा एकमेकींच्या इतक्या जवळ असत, आणि चेंडू बगलेला गेला की दोन्ही रांगा मिळून त्या बाजूला इतक्या सरकत, की भिडायला जाणारा खेळाडू चुकला तरी चार-पाच पावलांवर दुसरा उभा असे. मागे कोणी आहे हे ठाऊक असणारा खेळाडू निर्धास्त भिडतो, आणि ज्याला ते ठाऊक नसते तो एकतर मागे मागे सरत राहतो किंवा घाबरून जर्सी ओढतो. कबड्डीतली साखळी आठवावी: हात धरलेल्या दोघांपैकी एकाने झेप घेतली आणि दुसरा जागीच राहिला, तर चढाई करणारा दोघांनाही बाद करून परततो.

हे अंतर सरावात कसे आणावे? इटलीच्या एसी मिलानला १९८९ आणि १९९० साली युरोपियन कप जिंकून देणारे अरिगो साकी आपल्या बचावफळीपासून आघाडीपर्यंतचे अंतर पंचवीस मीटरच्या आसपास राखण्यावर भर देत आणि त्यासाठी चेंडू नसतानाही संपूर्ण संघाची हालचाल घोटून घेत. त्यांचे खेळाडू कोण होते हे विसरून आपण पंचवीस मीटरचा हट्ट धरू नये. शालेय किंवा क्लब पातळीवर तीस-पस्तीस मीटर साधले तरी पुष्कळ झाले. चार बचावपटूंच्या कमरेला आठ-आठ मीटरची दोरी बांधून त्यांना मैदानाच्या रुंदीत सरकवण्याचा व्यायाम जुना आहे, पण गुणकारी आहे: कोणी मागे राहिला की दोरी लगेच चुगली करते. त्यानंतर दोरी काढून चार-चार जणांच्या दोन रांगा उभ्या कराव्यात आणि प्रशिक्षकाने चेंडू हातात धरून मैदानभर चालावे. चेंडू जिकडे जाईल तिकडे रांगा सरकल्या पाहिजेत, आणि ‘थांब’ म्हणताच सगळ्यांनी जागच्या जागी थांबून एकमेकांमधील अंतर पाहावे. पंधरा मिनिटांत मुले कंटाळतात हे खरे. कंटाळा आला तरी दहा मिनिटे रोज करावे, एका दिवशी तासभर करू नये.

कधी भिडायचे, याच्या खुणाही सगळ्या संघाला सारख्याच ठाऊक हव्यात. प्रतिस्पर्ध्याचा चेंडूवरचा पहिला स्पर्श लांब गेला, तो स्वतःच्याच गोलकडे तोंड करून चेंडू घेतो आहे, पास मागे गेला किंवा उडत आला, चेंडू बाजूच्या रेषेजवळ अडकला, या चार खुणा बहुतेक संघांना पुरतात. खूण दिसली की सर्वांत जवळचा खेळाडू जातो, दुसरा त्याच्या मागे तिरका उभा राहतो आणि तिसरा सर्वांत सोपा पास बंद करतो. खूण नसेल तेव्हा कोणीही एकट्याने जाऊ नये, कर्णधारानेसुद्धा.

माझ्या हरलेल्या संघाचे औषध ‘दुसरा चेंडू’ हे होते. हेडर किंवा लांब किकनंतर चेंडू जिथे पडेल तिथे आधी पोहोचण्याची ही कला आहे. एक खेळाडू उडी घेतो तेव्हा एकाने त्याच्या मागे पाच-सात मीटरवर आणि दोघांनी पुढे डावी-उजवीकडे असा सैल घेर धरावा. सरावात गोलरक्षकाने उंच किक मारावी आणि गुण हेडर जिंकण्यासाठी न देता खाली पडलेला चेंडू मिळवून सलग तीन पास केल्याबद्दल द्यावा. शेवटची अट कळीची आहे, कारण अंगाने जिंकलेला चेंडू लगेच गर्दीत पुन्हा गमावणे हा दमदार म्हणवणाऱ्या संघांचा जुना रोग आहे. चेंडू मिळताच पहिला पास गर्दीच्या बाहेर गेला पाहिजे.

हल्ला करतानाही मागचा तोल सुटू देऊ नये. एका बगलेचा बचावपटू वर गेला तर दुसऱ्याने आत सरकून थांबावे, आणि दोन मधले बचावपटू व एक मधल्या फळीतला खेळाडू यांनी प्रतिस्पर्ध्याच्या पुढे थांबलेल्या दोघांवर नजर ठेवून उभे राहावे. तिघांनी दोघांना राखणे एवढा साधा हिशेब आहे.

खेळाडू निवडताना अंगकाठीला किती महत्त्व द्यावे, याचे उत्तर इंग्लंडच्या लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये दिले. त्या संघाने ८१ गुणांसह, दुसऱ्या क्रमांकावरील आर्सेनलपेक्षा दहा गुण अधिक घेऊन लीग जिंकली. मागे वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ हे दोन धिप्पाड बचावपटू होते, पण त्यांच्या पुढे चेंडू हिसकावण्याचे सर्वाधिक काम करणारा एन्गोलो कान्ते जेमतेम साडेपाच फुटांचा होता. तो फारसा कोणाला आदळत नसे. पास सुटण्याआधीच तो त्या वाटेवर पोहोचलेला असे. त्याच्या शेजारी डॅनी ड्रिंकवॉटर लांब पास देण्यासाठी होता आणि पुढे जेमी वार्डी त्या पासांमागे धावण्यासाठी. उंच, बुटके, वेगवान, शांत अशा खेळाडूंची जोडणी जमली की संघाच्या अंगात बळ येते. सगळेच उंच घेतले तर माझ्यासारखी गत होते.

थांबलेल्या चेंडूवर

समतोल संघाला अंगाच्या खेळाचे रोख फळ मिळते ते कॉर्नर आणि फ्री किकवर. २००४ च्या युरो स्पर्धेत प्रशिक्षक ओटो रेहागेल यांच्या ग्रीस संघाने फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि पोर्तुगाल या तिघांना ओळीने १-० असे हरवले आणि तिन्ही गोल हेडरने झाले. त्यांतले शेवटचे दोन थेट कॉर्नरवर. अ‍ॅटलेटिकोनेही १७ मे २०१४ रोजी बार्सिलोनाच्या मैदानावर लीग निश्चित केली ती कॉर्नरवरच्या दिएगो गोदिनच्या हेडरने. सामन्याच्या पूर्वार्धातच त्यांचे दिएगो कोस्ता आणि अर्दा तुरान हे दोघे दुखापतीने बाहेर गेले होते, एक गोलची पिछाडी होती आणि बरोबरी पुरेशी होती.

आपल्या संघाला तीन कॉर्नर पुरतात, दहा नकोत. एक जवळच्या खांबाकडे, एक लांबच्या खांबाकडे आणि एक आखूड पासचा. धावणाऱ्याने चेंडूखाली उभे राहून वाट पाहू नये, मागून तिरके धावत यावे, कारण धावत आलेल्याची उडी उभ्या खेळाडूपेक्षा उंच आणि जोरकस होते. एकाने गोलरक्षकाच्या पुढे उभे राहावे, पण त्याला धरू नये. दोघांनी मोठ्या डीच्या टोकावर परतणाऱ्या चेंडूसाठी थांबावे आणि दोघांनी मध्यरेषेजवळ. बचाव करताना प्रत्येकाला माणूस वाटून देण्यापेक्षा जवळच्या खांबापासून गोलसमोरची जागा तीन सर्वोत्तम हेडर मारणाऱ्यांना द्यावी आणि उरलेल्यांनी धावत येणाऱ्यांची वाट नियमात राहून अडवावी, ही पद्धत किशोर गटात मला अधिक भरवशाची वाटते. तीत निदान जर्सी ओढल्याची पेनल्टी बसत नाही.

दम आणि डोके

अंगाने खेळण्याची किंमत शेवटच्या वीस मिनिटांत चुकवावी लागते. बार्सिलोनाच्या सामन्यानंतर एका आठवड्याने, २४ मे रोजी लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिकोने पुरता बरा न झालेल्या कोस्ताला उतरवले आणि नवव्या मिनिटाला त्याला परत बोलवावे लागले. तीनच बदल मिळण्याच्या काळात एक बदल तिथेच खर्ची पडला. गोदिनच्या गोलची आघाडी ९३ व्या मिनिटापर्यंत टिकली, मग सर्जिओ रामोसने हेडरने बरोबरी साधली आणि जादा वेळेत थकलेल्या संघावर आणखी तीन गोल झाले. अर्धवट बरा झालेला खेळाडू, तो कितीही मोठा असो, दमदार संघाला दुप्पट महाग पडतो.

म्हणून आठवड्याची आखणी काळजीपूर्वक करावी. रविवारी सामना असेल तर भिडण्याचा जोरकस सराव मंगळवारी किंवा बुधवारी घ्यावा, गुरुवारी छोट्या मैदानावर कमी वेळाचे वेगवान सामने, शुक्रवारी रांगा आणि कॉर्नर, शनिवारी हलकी हालचाल. दमासाठी मैदानाला फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा चार विरुद्ध चार असे चार मिनिटांचे सामने, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती देऊन, चार वेळा खेळवावेत. त्यात पळणे, थांबणे, वळणे, भिडणे सगळे येते. मार्च-एप्रिलच्या उन्हात सामना असेल तर तहान लागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे, आणि पूर्वार्धात सतत दाब ठेवण्याऐवजी दहा-दहा मिनिटांचे टप्पे ठरवून दाबावे. बदली खेळाडू म्हणजे उरलेले खेळाडू, ही समजूत सोडावी. बदली आघाडीपटू साठाव्या मिनिटाला उतरणार हे आधीच ठरलेले असेल, तर सुरुवातीचा आघाडीपटू साठ मिनिटे जीव तोडून पळतो.

डोके शांत ठेवण्याविषयी उपदेश करून काही साधत नाही, व्यवस्था लावावी लागते. पेठेपेठेतल्या सामन्यात प्रेक्षकच खेळाडूच्या कानात वारे भरतात. पंचाशी फक्त कर्णधार बोलेल, पिवळे कार्ड मिळालेल्याच्या बाजूला शेजारचा खेळाडू दोन पावले जवळ सरकेल आणि त्याला भिडावे लागेल असे प्रसंग कमी करेल, आणि फाउल झाल्यावर पडलेल्याला हात देऊन उठवून लगेच आपल्या जागी परतायचे, असे तीन नियम सामन्याआधीच ठरवावेत. सरावाच्या सामन्यात मुद्दाम दोन-चार चुकीच्या शिट्ट्या वाजवाव्यात आणि कोण किती वेळ चेंडू सोडून वाद घालतो ते पाहावे. माझ्या एका बचावपटूने एकदा अकरा सेकंद वाद घातला आणि तेवढ्यात समोरच्यांनी फ्री किक घेऊन गोलही केला. त्याला पुन्हा काही सांगावे लागले नाही.

प्रगती मोजण्यासाठी एक वही आणि एक बदली खेळाडू पुरतो. प्रत्येक सामन्यात त्याने चार रकाने भरावेत: खाली पडलेले किती चेंडू मिळवले, चेंडू मिळवल्यावर पहिला पास आपल्या खेळाडूकडे किती वेळा गेला, मैदानाच्या आपल्या गोलकडच्या एक तृतीयांश भागात किती फाउल केले आणि हे सगळे पूर्वार्धात किती व उत्तरार्धात किती. पहिले दोन आकडे वाढत असतील आणि तिसरा घटत असेल, तर सराव योग्य दिशेने चालला आहे. पूर्वार्ध चांगला आणि उत्तरार्ध वाईट असेल, तर दमावर किंवा बदलांच्या वेळेवर काम करावे. फाउल वाढत असतील, तर मुलांवर ओरडण्याआधी पुढच्या सरावात दोन रांगांतले अंतर पावलांनी मोजून पाहावे; माझ्या वहीत ज्या ज्या सामन्यांत फाउल वाढले, त्या बहुतेक सामन्यांत ते अंतरच वाढलेले निघाले.